शहाऐंशी नंबरचा बिल्ला

१

पाकीट होतं, त्यातला बिल्ला नव्हता.

जुन्या ऑफिसातलं काचेचं कपाट होतं ते, आडवं टाकलेलं. काच फुटली नव्हती, वरची चौकट चार स्क्रूंनी घट्ट बसलेली होती. आत एक पिवळा पडलेला कागद, त्याच्याशेजारी एक पाकीट, आणि पाकिटापुढे नव्या कंपनीने छापून ठेवलेली चिठ्ठी: 'बिल्ला क्र. ८६'. चिठ्ठीवर ठेवलेला बिल्ला मात्र गायब.

"काल संध्याकाळी सहाला मी स्वतः ठेवला," प्रदर्शनवाल्या बाई म्हणाल्या. "सकाळी नऊला येऊन बघते तर हे. आणि आज पाच वाजता कार्यक्रम!"

आमचा कारखाना साबणाचा. तो बंद पडून एकोणीस वर्षं झाली. भोंगा थांबला तसं गाव एकेक करून विझत गेलं. आधी शिफ्टची बस गेली, मग न्हाव्याचं दुकान, मग शाळेचे वरचे वर्ग. आता कुठल्याशा कंपनीने जागा घेतली आहे. तिथे गोदामं होणार. पाडापाडीच्या आधी गावाला बरं वाटावं म्हणून त्यांनी कँटीनच्या हॉलमध्ये 'कारखान्याच्या आठवणी' नावाचं प्रदर्शन मांडलं होतं. दारातच एका डबीतून गुलाबाचा वास सोडत होते. आमच्याकडे गुलाबाचा वास फक्त गुंडाळणी खात्यात यायचा. बाकी सगळीकडे चरबी आणि कॉस्टिक. नाक चुरचुरायचं, हाताची साल निघायची. ती आठवण कुठल्या डबीत भरता आली नाही त्यांना.

मी कारखान्यात सव्वीस वर्षं गणवेश शिवले. सगळे मला टाकेताई म्हणतात. माझं शिलाईमशीन त्यांनी त्याच कपाटाशेजारी मांडलं होतं, आणि मागच्या भिंतीवर मी शिवलेले गणवेश: भट्टीवाल्यांचा, गुंडाळणीवाल्यांचा, कढईवाल्यांचा. अक्षर मला तेव्हा येत नव्हतं, पण आकडे यायचे. प्रत्येकाच्या कॉलरवर मी त्याचा नंबर दोऱ्याने काढायची. शहाऐंशी हा आकडा मी सर्वांत जास्त वेळा काढला असेल. तो माझ्या धाकट्या भावाचा.

"तुमच्या भाचीने काल इथे केवढा तमाशा केला, तुम्हाला माहीत आहे ना?" बाई म्हणाल्या. "म्हणाली, बाबांचं नाव दगडावर कोरणार नसाल तर बाबांचा बिल्लाही तुमच्याकडे राहणार नाही. पंधरा जणांनी ऐकलं. मला पोलिसांत जावं लागेल, ताई."

गेटपाशी त्यांनी काळा दगड उभा केला होता. कामावर असताना मेलेल्या अकरा जणांची नावं त्यावर कोरली होती. बारावा माझा भाऊ. त्याचं नाव नव्हतं.

भाची दारातच उभी होती. दवाखान्यात नर्स आहे ती, रात्रपाळी करून आली होती. तिने हातातली पिशवी टेबलावर पालथी केली. डबा, कंगवा, रुमाल, बसचा पास.

"बघा! अजून काय उलटं करून दाखवू? एकतीस वर्षं बाप निष्काळजी, आणि आता मुलगी चोर. आमच्या घरात नुसती एवढीच कामं चालतात का, हो बाई?"

"हे बघा, मी फक्त..."

"पाच वाजेपर्यंत थांबा," मी म्हटलं. "तोवर बिल्ला कुणी नेला ते मी सांगते."

"तुम्ही?"

"का? मला डोळे नाहीत?"

२

बिल्ल्याचं काय एवढं, असं ज्याला वाटेल त्याच्यासाठी सांगते.

साबणाच्या कढया दोन मजले खोल होत्या, लोखंडाच्या. माल उपसला की तळाला थर राहायचा. तो खरवडायला माणूस शिडीने आत उतरायचा. उतरण्याआधी आपला पितळी बिल्ला तारेने पीळ देऊन वाफेच्या चाकाला बांधायचा. चाकाला बिल्ला दिसला की हात लावायचा नाही. आणि ज्याने बांधला त्यानेच वर येऊन तो सोडायचा. दुसऱ्या कुणी नाही, अगदी मालकानेही नाही.

एकतीस वर्षांपूर्वी, भर दुपारी, धाकटा तीन नंबरच्या कढईत असताना कुणीतरी वाफ सोडली. कंपनीने सांगितलं, त्याने बिल्ला बांधलाच नव्हता, म्हणून कढई रिकामी समजून चाक फिरवलं गेलं. चूक त्याचीच. वहिनी ते ऐकतच गेली. भाची ते ऐकतच वाढली. शाळेत मुलं तिला चिडवायची, "तुझा बाप विसरभोळा."

माझा धाकटा नाकावरचा घाम पुसायला विसरेल, पण बिल्ला नाही. मला ते माहीत होतं. पण माहीत असण्याला कोण विचारतो? कागद लागतो.

तो कागद आता माझ्यासमोर काचेखाली होता.

कपाटाची काच बसवणाऱ्या सुताराला बोलावलं. तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकला आणि थांबला.

"हे मी असे नाही बसवले."

"कसे?"

"हे बघा ना. चारही खाचा कशा सरळ उभ्या. मी काय, गरागरा फिरवले आणि मोकळा झालो. एक इकडे तोंड करून, एक तिकडे. हे कुणीतरी हौसेने लावलंय."

मी पाहिलं. खरंच, चारही स्क्रूंच्या खाचा शिपायांसारख्या ताठ उभ्या होत्या. असं काहीतरी मी पूर्वी पाहिलं होतं. कुठे, ते काही केल्या आठवेना.

काच निघाली. मी आधी पाकीट उचललं आणि उजेडात धरलं. पितळ इतकी वर्षं कागदात दाबून राहिलं की हिरवा डाग सोडतं. आत गोल डाग उमटला होता, बिल्ल्याएवढा. पण नुसता गोल नव्हता. गोलाच्या वरच्या कडेपासून दोन बारीक तांबूस रेघा निघाल्या होत्या, एकमेकींत पिळलेल्या.

"बाई, त्या बिल्ल्याला काही अडकलेलं होतं का?"

"हो, काहीतरी गंजकं लोंबत होतं. आज काढून, पॉलिश करून मग फोटो काढणार होते."

पॉलिश करणार होत्या. पाकीट मी जपून स्वतःकडेच ठेवलं. बोलले असते तर फार बोलले असते.

मग मी कागद हातात घेतला. बासष्टाव्या वर्षी मी प्रौढांच्या वर्गात जाऊन बसले, तेव्हापासून दुकानाच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, पेपर, सगळं वाचते. पण हा कागद मी कधी वाचला नव्हता. बोट ठेवून, शब्दाशब्दाला थांबत वाचत गेले. तारीख. कढई क्रमांक तीन. मग एक ओळ आली: 'मृताचा बिल्ला क्र. ८६ चाकास बांधलेला नव्हता. तो मृताच्या सदऱ्याच्या खिशात आढळला.'

माझं बोट तिथून पुढे सरकेना.

शेवटी सही छोट्या साहेबांची. त्याखाली लिहिलं होतं: 'साक्षीदार, मृताची बहीण.' आणि त्यापुढे निळ्या शाईत एक अंगठा.

तो अंगठा माझा होता.

३

धाकटा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं होतं, ते आठवलं. छोट्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "ताई, हे कपडे तुमच्या भावाचे आहेत, एवढंच लिहिलंय." मी अंगठा दिला. माझ्याच भावावरच्या खोटेपणाला मी साक्षीदार झाले होते, आणि एकतीस वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता.

ही फाइल इतकी वर्षं हजेरीतात्यांच्या घरी होती. गेटवर हजेरी मांडायचं काम त्यांचं. कारखाना बंद होताना त्यांनी कागदांची गाठोडी घरी नेली आणि आता प्रदर्शनाला दिली. हॉलची किल्लीही त्यांच्याकडेच होती. म्हणजे खरं तर त्यांच्या दाराबाहेरच्या खिळ्यावर होती आणि अख्ख्या गल्लीला ते माहीत होतं.

मी गेले तेव्हा तात्या खिडकीपाशी बसून नखं कापत होते.

"किल्ली कुणी नेली तात्या?"

"मला काय माहीत? सकाळी खिळ्यावरच होती. टाकेताई, माझ्यावर संशय घेऊ नका हं. मला बिल्ला हवा असता तर इतकी वर्षं घरात होता की!"

हे मात्र पटण्यासारखं होतं. "पाकिटात तो कुणी घातला?"

"मी. साहेबांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, फाइलला लाव."

"त्याला तार होती?"

तात्यांची कात्री थांबली.

"होती ना?"

"असेल."

"असेल नाही. होती की नव्हती?"

"होती," तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पिळलेली. टोकं कापलेली."

"खिशात ठेवलेल्या बिल्ल्याला तार कशी असेल, हे तुमच्या मनात आलं नाही?"

"आलं."

"मग?"

"मग काय? मी कारकून, ताई. समोर आलं ते फाइलला लावलं. मनात आलेलं लावायला फाइल नसते. तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नव्हतं ते. घरात पाच तोंडं होती."

"माझ्या वहिनीच्या घरात एक कमी झालं होतं."

तात्या पुन्हा नखं कापायला लागले. मी उंबऱ्यापर्यंत आले, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"काल संध्याकाळी बिल्ला काचेत ठेवल्यानंतर प्रदर्शन बघायला दोघेच आले होते. छोटे साहेब आणि आपले मुकादम. दोघंही त्या कपाटापाशी बराच वेळ उभे होते."

४

छोटे साहेब मालकांचे पुतणे. सत्तरी ओलांडली तरी गावात अजून छोटेच. आज दगडावरचा पडदा तेच सारणार होते. दुपारी ते हॉलमध्ये माईक तपासत होते. "हॅलो, हॅलो," म्हणत माझ्याकडे पाहून हसले.

"या ताई, या. बिल्ल्याचं कानावर आलं. वाईट झालं. पोरीला समजावा जरा. रागाच्या भरात नेला असेल, आणून ठेव म्हणावं. मी सांभाळून घेईन."

"तिने नाही नेला."

"बरं, नसेल. मी काही आरोप करत नाही."

त्यांनी कोटाच्या वरच्या खिशातून चष्मा काढला, खालच्या खिशातून रुमाल, आतल्या खिशातून भाषणाचा कागद. शिवणकाम केलेल्या माणसाला खोड असते. मी मोजलं. आतले धरून पाच खिसे.

"साहेब, एक विचारू? माझ्या भावाचा बिल्ला तेव्हा तुम्हाला कुठे सापडला?"

त्यांनी लांब श्वास सोडला, लहान मुलाला समजवावं तसा. "ताई, जखमेवरची खपली कशाला काढता? नियम साधा होता. बिल्ला चाकाला बांधायचा. त्याने बांधला नाही. खिशात होता."

"सदऱ्याच्या?"

"सदऱ्याच्या. मी माझ्या हाताने काढला. आजही डोळ्यांसमोर आहे."

"नक्की?"

"अहो, अशी गोष्ट माणूस विसरतो का?"

"नाही," मी म्हटलं. "नाही विसरत."

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि परत माईककडे वळले. मला संताप अनावर झाला होता. टेकायला जागा शोधत मी माझ्या जुन्या मशीनपाशी जाऊन बसले. हात आपोआप सुईखालच्या पत्र्यावर गेला. त्या पत्र्याला दोन स्क्रू. बाजूच्या झाकणाला तीन. मागे आणखी दोन.

साती खाचा सरळ, उभ्या.

आणि मला आठवलं, असं मी कुठे पाहिलं होतं. माझं मशीन बिघडलं की दुरुस्त करायला नेहमी एकच माणूस यायचा. प्रत्येक स्क्रू घट्ट केल्यावर त्याची खाच उभी करून ठेवायचा. मी एकदा विचारलं होतं, "ही काय नक्षी?" तर म्हणाला होता, "नक्षी नाही ताई. थरथरीने स्क्रू सैल झाला तर खाच हलते. लांबूनच दिसतं. कढई खात्यात माझा एकही स्क्रू आडवा दिसणार नाही."

५

कढई खात्याचे मुकादम कारखान्याच्या जुन्या खोल्यांमध्ये शेवटच्या दाराला राहतात. आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांना कुलपं. दार उघडंच होतं. ते खाटेवर बसले होते, हात मांडीवर पालथे ठेवून. एक्क्याऐंशीचा माणूस, पण पाठ अजून ताठ.

"तुम्हीच याल असं वाटलं होतं," ते म्हणाले.

"बिल्ला कुठंय मुकादम?"

"कसला..."

"चारही खाचा उभ्या करून गेलात. चोरी करतानाही हाताची सवय गेली नाही."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हसायला आलं असावं, पण हसू चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही.

"बसा ताई."

"मी उभीच बरी. त्या बिल्ल्याला कापलेली तार होती. कढई खात्यात पक्कड कुणाच्या कमरेला असायची, ते मला माहीत आहे. आता तुम्ही सांगता, की मी सांगू?"

त्यांनी एकदा दाराबाहेर पाहिलं. मग एकदम बोलायला लागले, जणू कुणीतरी चाक फिरवलं.

"बाहेर ट्रक उभे होते. साहेब आले, म्हणाले तीन नंबर चढवा, वाफ सोडा. मी म्हटलं, चाकाला बिल्ला आहे, माणूस आत असेल. ते म्हणाले, सगळे जेवायला गेलेत, हा काढायला विसरला असेल. मी कढईत हाक मारली, ताई. देवाशपथ मारली. एकदा."

"खरवडणारे कानात कापूस घालायचे. लोखंडाचा आवाज घुमतो म्हणून."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं!"

"साहेब म्हणाले, पक्कड काढ. तार मी कापली. चाक त्यांनी फिरवलं." त्यांनी तोंड पुसलं. "नंतर म्हणाले, तू तुझं बघ, कागदाचं मी बघतो. कागदात काय लिहिलं ते मला कधी कळलंही नाही. काल काचेखाली बिल्ला पाहिला. तारेवर माझ्या पक्कडीचा दात अजून दिसत होता. सकाळी उठलो तो थेट हॉलमध्ये. विहिरीत टाकणार होतो."

"टाकलास?"

इतकी वर्षं मी त्यांना अहो-जाहो केलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा तोंडातून अरे-तुरे निघालं, आणि मी ते मागे घेतलं नाही.

"काठापर्यंत गेलो. नाही टाकवला." त्यांनी उशीखालून एक फडकं काढलं, पण मुठीतच धरून ठेवलं. "ताई, या गल्लीत मला लोक अजून नमस्कार करतात. माझे किती दिवस राहिले? मी गेल्यावर घ्या. तेव्हा सगळ्या गावाला दाखवा."

"तू गेल्यावर?" मी म्हटलं. "माझ्या भाचीला आज पाच वाजता चोर ठरवणार आहेत. त्या दगडावर तिच्या बापाचं नाव नाही. आणि मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू? तुला कोण नमस्कार करतं ते मला नको सांगू. धाकटाही करायचा. रोज सकाळी, बिल्ला बांधण्याआधी."

फडकं हिसकावून घेता आलं असतं. पण हिसकावलेला बिल्ला मी दाखवला असता, तर मलाच विचारलं असतं, कुठून आणला. तो त्याच्याच हाताने यायला हवा होता.

"पाच वाजता," मी म्हटलं. "माझ्याकडे पाकीट आहे आणि भिंतीवर सदरा आहे. तू नाही आलास तरी मी बोलणार आहे. फक्त तुझं नाव कुठल्या बाजूला घ्यायचं, ते तू ठरव."

६

पाचला गेटपाशी दोनेकशे माणसं जमली. इतकी माणसं त्या गेटने एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती. दगडावर पांढरा पडदा. तीन नंबरच्या कढईचं वाफेचं चाकही त्यांनी शोभेसाठी आणून दगडाशेजारी ओट्यावर बसवलं होतं. लाल रंग दिला होता त्याला.

मुकादम कुठे दिसत नव्हते.

साहेबांचं भाषण झालं. कारखाना म्हणजे एक कुटुंब होतं, वगैरे. मग बाईंनी विचारलं, "कुणाला एखादी आठवण सांगायची आहे?" मी उठले. हातात भिंतीवरून काढलेला कढईवाल्यांचा सदरा आणि विजार. बाई दचकल्या, पण माईक त्यांनी दिला.

"आठवण कपड्याची आहे," मी म्हटलं. "पण आधी हा कागद वाचते."

मी बोट ठेवून वाचलं. हळू वाचलं, पण एकही शब्द गाळला नाही. 'मृताच्या सदऱ्याच्या खिशात आढळला.'

"साहेब, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"ताई, हा प्रसंग नाही..."

"लिहिलंय ना?"

"हो. जे घडलं ते लिहिलं. मी स्वतः काढला खिशातून."

"मग हा सदरा जरा घाला."

लोक हसले. साहेबही हसले. माझा सदरा ढगळ असतो, कोटावरूनही चढतो. मी त्यांच्या अंगात तो घातला आणि बटणं लावली.

"आता खिशात हात घाला."

त्यांचा हात छातीवर गेला. डावीकडून उजवीकडे घसरला. खाली गेला, बाजूला गेला. मग तो हात तिथेच अधांतरी राहिला. हसणं थांबलं होतं.

"हा सदरा जुना असेल. त्याच्या सदऱ्याला..."

"त्याचा सदरा मी तीन आठवड्यांपूर्वी शिवला होता. एकदा एका गिऱ्हाइकाच्या वडीतून बिडीचं थोटूक निघालं. त्या दिवशी मोठ्या मालकांचा हुकूम आला, कढईवाल्याच्या अंगावर खिसा नको. तेव्हापासून दर सदऱ्यामागे माझं वीतभर कापड वाचायला लागलं. वीस वर्षं कढई खात्यात एकही खिसा मी शिवला नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "आम्ही सगळं डब्यात ठेवायचो! बाहेर फळीवर! बिडीसुद्धा!"

"मग विजारीचा असेल," साहेब म्हणाले.

मी विजार उलटी करून दाखवली. चारही बाजूंनी.

"तुम्ही कढईपाशी कधी वाकून पाहिलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. तुमच्या अंगावर पाच खिसे. तुम्हाला वाटलं, माणूस म्हटला की त्याला खिसा असणारच. खोटं लिहितानासुद्धा तुम्ही आमच्याकडे पाहिलं नाहीत."

साहेबांनी सदरा काढायला घेतला. बटण निघेना, तसा त्यांचा आवाज चढला. "आणि बिल्ला? बिल्ला कुठे आहे? तो चोरीला गेला ना? पुरावाच नाही, आणि म्हातारपणी काहीतरी भलतंसलतं..."

मी पाकीट वर धरलं. हिरवा डाग, त्याची पिळलेली शेपटी. पुढच्या रांगेला दिसलं, मागच्यांना नाही. लोक एकमेकांना विचारायला लागले. बाई माझ्या हातातून माईक घेऊ लागल्या.

तेवढ्यात गर्दी मधोमध फाटली.

मुकादम चालत आले. ताठ. कुणाकडेही न बघता ओट्यावर चढले आणि फडकं उलगडून बिल्ला त्या लाल चाकावर ठेवला. तार तशीच होती, दोन्ही टोकं कापलेली.

"हा इथे बांधलेला होता," ते म्हणाले. माईकची गरज नव्हती. "तार मी कापली. चाक यांनी फिरवलं. बिल्ला आज सकाळी मी चोरला. पोरीने नाही."

साहेब काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. लोकांनी ऐकू येऊ दिलं नाही. सदरा अंगात तसाच ठेवून ते गाडीत बसले.

मुकादमांचा जबाब दुसऱ्या दिवशी भाचीने पोलिसांत नोंदवून घेतला. पण त्याच संध्याकाळी, ओट्यावरून उतरून, ते माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. मी त्यांना माफ केलं नाही. आले, एवढं मान्य केलं. एकतीस वर्षं उशिरा आले, हेही मी विसरणार नाही, आणि त्या कागदाखालचा माझा अंगठाही नाही.

पडदा निघाला तेव्हा दगडावर अकराच नावं होती. पाथरवट बाजूलाच उभा होता. त्याने मला खडू दिला.

"खाली जागा आहे आजी. लिहून द्या, कोरून देतो."

मी गुडघ्यावर बसले आणि धाकट्याचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांचं, आडनाव. आमच्या घरातल्या कुणीही ते कधी दगडावर लिहिलं नव्हतं.

"ओळ जरा खाली गेलीय. सरळ करू?"

"जशी आहे तशी कोर."

त्याची छिन्नी वाजायला लागली. भाचीने नवी तार घेतली, बिल्ल्याच्या भोकातून ओवली, चाकाला पीळ देऊन बांधली. जुनी तार तिने काढली नाही.

"अहो, इथे उघड्यावर?" बाई म्हणाल्या. "काचेत जास्त सुरक्षित राहील तो."

"काचेत नको," भाची म्हणाली. "बाबा अजून आत आहेत. ते वर आले की तेच सोडतील. तोवर हात लावायचा नाही."